आडनावाचं वजन

राई गावाहून भाईंदर स्टेशन गाठायचं, गर्दीत घुसून लोकल पकडायची, मग मुंबईतली नोकरी. पण तिथे माणसाच्या आधी पोचतो त्याचा अर्ज, आणि अर्जात सगळ्यात वर असतं नाव. त्या नावाचं वजन किती? हे चक्क मोजता येतं! मोजणाऱ्यांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात.

भेदभाव मोजणं महाकठीण. 'तुम्ही जात बघता का?' असं विचारल्यावर कुठला साहेब हो म्हणेल? थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी कुणाला काही विचारलंच नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती निवडून त्यांनी एकेका जागेसाठी तोडीस तोड अर्ज धाडले. शिक्षण तेच, अनुभव तोच, जातीधर्माचा उल्लेख कुठेही नाही. नावं तेवढी वेगळी: एक सवर्ण हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. यातला एकही अर्जदार प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हता. 66 आठवडे, 548 जाहिराती, 4,808 अर्ज. मग नुसतं बघायचं, पुढचं बोलावणं कुणाला येतं.

सवर्ण नावाचं पारडं 1 धरलं, तर दलित नावाचं 0.67 भरलं आणि मुस्लिम नावाचं 0.33. हा अभ्यास 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलत होते. ही अधिकारी मंडळी गुणवत्तेची महती गात होती आणि उमेदवाराच्या घरच्यांची चौकशीही करत होती. (वडिलांच्या धंद्यावरून मुलाचं हिशेबाचं ज्ञान कसं कळतं, देव जाणे.)

थोरातांच्या प्रयोगात सगळे अर्जदार पुरुष होते. मुद्दामच. बाईचं नाव आलं की आणखी एक भेदभाव मध्ये शिरतो आणि अर्ज नेमका कशामुळे बाजूला पडला, ते कळेनासं होतं. शास्त्राच्या दृष्टीनं हे चोख. पण त्यामुळे दलित किंवा मुस्लिम बाईच्या अर्जाचं काय होतं, हा प्रश्न त्या 4,808 पाकिटांच्या बाहेरच राहिला.

तुमच्या कचेरीत अर्ज चाळायचं काम तुमच्याकडे असेल, तर एकदा कुणाला तरी नावं झाकायला सांगून निवड करा, आणि ती यादी नेहमीच्या यादीशी ताडून पाहा.