दिवा खाली बघू दे

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी म्हटलं, गावात रात्रीचा उजेड फार झालाय. तर एक मावशी तडकल्याच. "बिबट्या ओट्यापर्यंत येतो, अन् तू दिवे बंद करायला सांगतेस?"

मावशींचं चुकलं नाही. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात राहणारीला हे सांगावं लागत नाही. पण दिवे बंद करा असं मी म्हणतच नाही. दिवा कुठं बघतोय, तेवढं बघा.

ओट्यावरचा फोकस आपण आडवा लावतो. त्याचा उजेड जमिनीवर कमी अन् आभाळात, समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. डोळे दिपले की दिव्यापलीकडच्या अंधारात माणूस आहे का जनावर, काही कळत नाही. (आमच्या घरचा फोकस वर्षभर शेजारणीच्या खिडकीत होता. ती बिचारी बोलली नाही.) त्याच दिव्याला वरून टोपी असली, तोंड खाली असलं, तर कमी वॅटमध्ये वाट लख्ख दिसते. पथदिव्यांचं बिल शेवटी गावाच्याच पैशातून जातं.

घोटीच्या पुढं भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गर्दी होते. नर उडता उडता लुकलुकतो, मादी झुडपातून उत्तर देते. पांढऱ्या झोतात ती खूण दिसतच नाही, मग जोडी जुळणार कशी?

नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये 'डार्क स्काय पार्क' अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. देशातलं हे असं पहिलंच. तिथं वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंडाचे बसवले. पैसा जिल्हा नियोजन समितीचा. गावं अंधारात गेली नाहीत, अन् आभाळही चांदण्यांनी भरलेलं राहिलं.

आपल्या देशात यासाठी वेगळा कायदा नाही. पण ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. तिथं नुसतं "पथदिवे बसवावेत" लिहून देऊ नका. मग स्वस्तात मिळेल तो दिवा येतो. दिव्याला टोपी हवी, उजेड पिवळसर हवा, नळाच्या अन् शौचालयाच्या वाटेवरचा रात्रभर चालू हवा, देवळावरचा फोकस माणसं घरी गेल्यावर बंद, असं एकेक लिहून घ्या. खांब कुठं रोवायचा, तेही त्या वाटेनं रात्री जाणाऱ्या बाईला विचारूनच ठरू द्या.