अकरावीचं गणित पाचवीतच अडतं! हिवरे बाजारचा ‘माथा ते पायथा’ नियम शाळेलाही लागू

हिवरे बाजार (ता. नगर) : दहावीला गणितात चांगले मार्क पडलेलं पोरगं अकरावी सायन्सला जातं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर म्हणतं, “मॅथ्स सोडतो, नुसतं बायोलॉजी ठेवतो.” गावोगाव हे ऐकायला मिळतं. घरचे म्हणतात पोराचं लक्ष नाही. कॉलेजचे सर म्हणतात हायस्कूलमध्ये पाया झाला नाही. हायस्कूलचे सर म्हणतात प्राथमिकला झाला नाही. दोष खाली खाली सरकत जातो, पण पोराचं गणित सुटतं ते सुटतंच.

बहुतेक पोरं अडतात ती कॅल्क्युलसला, म्हणजे कलनशास्त्राला. अकरावीच्या पुस्तकात शेवटी त्याची सुरुवात होते. बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात आठपैकी सहा धडे त्याचेच आहेत. इंजिनिअरिंगच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताला आहेत. दहावीनंतर डिप्लोमाला गेलं तरी पहिल्याच वर्षी हा विषय समोर येतो. म्हणून तो काय आहे आणि कुठं अडतो, हे पालकांनीही समजून घेतलं पाहिजे.

कॅल्क्युलस म्हणजे काय? विहिरीवर बघा

विहिरीवरची मोटर सुरू केली. पहिल्या तासात पाणी तीन फूट उतरलं, दुसऱ्या तासात अडीच, तिसऱ्या तासात दोन फूट. तीन तासांत साडेसात फूट, म्हणजे सरासरी ताशी अडीच फूट. हा हिशेब कोणीही करेल. पण बरोबर दोन तास झाले त्या क्षणी पाणी किती वेगानं उतरत होतं? त्यासाठी तास धरून चालत नाही. दहा मिनिटांत किती उतरलं बघायचं, मग एका मिनिटात, मग एका सेकंदात. वेळ लहान करत नेली की वेगाचं उत्तर एका आकड्याच्या जवळ जवळ जातं. या जवळ जाण्याला लिमिट म्हणतात आणि तो आकडा म्हणजे डेरिव्हेटिव्ह. उलट, दर क्षणाचा वेग माहीत असेल तर त्यावरून एकूण किती पाणी उपसलं ते काढायचं, याला इंटिग्रेशन म्हणतात.

हे काही परक्याचं ज्ञान नाही. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘सिद्धांतशिरोमणी’ या ११५० सालच्या ग्रंथात ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा, म्हणजे त्या क्षणाच्या वेगाचा विचार मांडला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथं आहे.

एक गणित, चार इयत्ता

मग अडतं कुठं? अकरावीचं एक नेहमीचं गणित घ्या. (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३). क्ष ही संख्या ३ च्या जवळ नेली तर उत्तर कशाच्या जवळ जाईल? सरळ ३ ठेवले तर वर शून्य, खाली शून्य. म्हणून आधी वरचे अवयव पाडायचे : (क्ष − ३)(क्ष + ३). वर-खाली सारखा भाग काढून टाकला की राहतं क्ष + ३. उत्तर ६.

यात लिमिटचा भाग एका ओळीचा आहे. बाकी सगळं आधीचं. शून्यानं भागता का येत नाही, हे भागाकार शिकताना कळायला हवं. अंश-छेदातला सारखा भाग काढणं पाचवीचं. अंकाच्या जागी अक्षर चालतं, ही समज सहावीची. अवयव सातवी-आठवीचे. हे लिहिणारा स्वतः याच गणितावर अडकला होता. लिमिट डोक्यात शिरत नाही असं तेव्हा वाटलं. खरं म्हणजे अवयव पडत नव्हते.

‘चढ’ या एकाच गोष्टीचा माग काढला तरी हेच दिसतं. पाचवीत अपूर्णांक, सहावीत गुणोत्तर, सातवीत समप्रमाण, आठवीत चलन, नववीत रेषेचा आलेख, दहावीत रेषेचा चढ आणि अकरावीत डेरिव्हेटिव्ह. ही एकच वाट आहे. पण पोराला ते सात वेगळे धडे वाटतात, कारण हे सगळं एकाच वाटेवरचं आहे असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

साखळी कुठं तुटते?

आपल्याकडं पोरगं साधारण तीन ठिकाणी शिकतं : जिल्हा परिषदेची शाळा, मग हायस्कूल, मग तालुक्याच्या किंवा नगरच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावी. तिन्हीकडचे गणिताचे शिक्षक एकमेकांना सहसा भेटत नाहीत. पुढं दाखला जातो, मार्क जातात. पोराला काय येतं आणि काय येत नाही, ते जात नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. दहावीपर्यंत मराठीत ‘अवयव’, ‘चल’, ‘बहुपदी’, ‘चढ’ शिकलेल्या पोराला अकरावीत एकदम ‘फॅक्टर’, ‘व्हेरिएबल’, ‘पॉलिनॉमियल’, ‘स्लोप’ ऐकू येतं. येणारी गोष्टसुद्धा नवीन वाटते.

तिसरी, युक्त्यांची. ‘इकडून तिकडं नेलं की चिन्ह बदलतं’ असं पाठ करून घेतलं जातं. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच वजन काढलं म्हणून काटा हलत नाही, हे सांगायचं राहून जातं. युक्तीवर दहावी निघते, पुढं निघत नाही.

यात शिक्षकांनाच दोष देणं बरोबर नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग अशा शाळा आपण रोज बघतो. त्यावर माहिती भरणं, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं आहेतच. म्हणून एकट्या शिक्षकानं जास्त राबून हे सुटणार नाही. सगळ्यांनी मिळून काम वाटून घ्यावं लागेल.

हिवरे बाजारनं काय शिकवलं

हे गाव वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचं. १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं गावानं पाणी अडवलं. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. काम ‘माथा ते पायथा’ झालं. आधी डोंगरावर चर आणि झाडं, मग उतारावर बांध, शेवटी ओढ्यात बंधारे. डोंगर उघडा ठेवून नुसता खाली बंधारा बांधला असता तर तो गाळानं भरला असता. बारावीच्या वर्षाला महागडा क्लास लावणं हे असंच नुसता खालचा बंधारा बांधणं आहे. वरून गाळ येतच राहतो.

दुसरा धडा ताळेबंदाचा. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, हे मोजून गाव दरवर्षी ग्रामसभेत पुढची पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर आणि ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं गावानं बंद ठेवली. आधी हातात काय आहे ते मोजायचं, मग पुढचं ठरवायचं. शाळेत मात्र न मोजताच पुढचा धडा सुरू होतो.

या ताळेबंदात गणितही भरपूर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गावाचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पावसात शिवारावर सुमारे ९८ लाख लिटर पाणी पडतं. पाचवीच्या पोरानं एकक बदलावं, आठवीच्यानं विहिरीचं घनफळ काढावं, दहावीच्यानं महिन्यावार पाण्याच्या पातळीचा आलेख काढून चढ बघावा आणि अकरावीच्यानं त्याच आलेखावर क्षणाचा वेग शोधावा. विहीर एकच, इयत्ता वेगळ्या.

शाळांना काय करता येईल?

१. प्राथमिक, हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेजच्या गणित शिक्षकांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावं. केंद्राच्या शिक्षण परिषदा होतातच. तिथं वरच्या शाळांच्या सरांनाही बोलवावं.

२. पोरगं शाळा बदलताना दाखल्याबरोबर एका पानाची चिठ्ठी जावी. तिच्यावर मार्क नकोत. भागाकार, अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरण, अवयव, आलेख यांतलं काय येतं आणि काय कच्चं आहे, एवढंच लिहावं.

३. आठवीपासून प्रत्येक गणिती शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्हीत सांगावा, फळ्यावर लिहावा.

४. शाळा सुरू झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस मागच्या वर्षाचं कच्चं पक्कं करायला द्यावेत.

पालकांना काय करता येईल?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. पुढच्या बैठकीत रंग आणि पत्र्याच्या विषयांबरोबर एवढंही विचारा : आमच्या पोरांना गणितातलं काय येतं, हे पुढच्या शाळेला कोण सांगतं?

आणि घरी एक छोटी परीक्षा घ्या. पाचवी-सहावीच्या पोराला विचारा, पाऊण एकराचा निम्मा तुकडा किती गुंठे? (१५) दहावीच्या पोराला विचारा, दोनशे फुटांत चार फूट उतार असेल तर पन्नास फुटांत किती? (एक फूट) उत्तर नाही आलं तर रागावू नका. कुठल्या इयत्तेत अडलंय ते शोधा आणि तिथपासून सुरू करा. सातवीतली तूट सातवीतच भरली तर महिनाभराचं काम आहे. तीच तूट बारावीच्या जानेवारीत भरायला बसलं तर पोराच्या हातात वेळ उरलेला नसतो.