दोन वह्या, एक बाळ

आजचा आकडा आहे अर्भकमृत्यू दर. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. भारतात १९७१ साली हा दर १२९ होता, २०२० मध्ये २८. पण तो मोजतात कसा?

दाखल्यांवरून, असं तुम्ही म्हणाल. पण घरी जन्मून दुसऱ्या दिवशी गेलेल्या बाळाचा जन्मच नोंदवला नाही, तर मृत्यू कुठून नोंदवणार?

म्हणून १९६९-७० पासून देशभर नमुना नोंदणी पद्धत आहे. निवडलेल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्याची वही न पाहता घरोघर विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात. एकाच यादीत असलेल्या नोंदीसाठी पुन्हा त्या घरी जातात.

समजा, फौजेत दोन चौक्यांचा अहवाल मागवला. पण दुसऱ्या चौकीने पहिलीचा अहवाल उतरवून काढला, तर चौकी एकच उरते.

एक हिशेब करू. समजा, गणकाला ९० मृत्यू सापडले, पर्यवेक्षकाला ८०, दोघांत समान ७२. म्हणजे सापडले एकूण ९८. आता ९० गुणिले ८०, भागिले ७२, उत्तर १००. दोघांच्याही नजरेतून सुटलेले अंदाजे २. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली हे सूत्र मांडलं. मुख्य अट अशी, दोघांनी स्वतंत्रपणे मोजलं पाहिजे. पर्यवेक्षकाने वही उतरवली, तर दोघांकडे ९०, समान ९०, सुटलेले शून्य! चूक असूनही कागद निर्दोष.

दुसरी वाट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची. १९९२-९३ मध्ये ते पहिल्यांदा झालं. त्यात आईला तिच्या सगळ्या बाळंतपणांबद्दल विचारतात. रडलेलं, हालचाल केलेलं, पण न जगलेलं बाळ होतं का, हेही विचारतात. नाहीतर असं बाळ 'मेलेलंच जन्मलं' म्हणून हिशेबातून निसटतं.

माझी आजी पाच मुलं सांगायची. एकदा मी विचारलं, "आजी, रडून गेलेलं एखादं?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दोन." त्या दोघांची नोंद कुठेच नव्हती.

मंडळी, तुमच्या दारी कुणी वही घेऊन आलं, तर घाईने "सगळं ठीक" म्हणून वाटेला लावू नका. गेलेल्या बाळाचंही सांगा. जिथे मृत्यू दिसत नाहीत, तिथे दाई, डॉक्टर आणि औषध पाठवायचं कुणाला सुचत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.