फाइल उघडताना संगणक काय विचारतो?

समजा म्हसळ्यातील एखाद्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजायचे आणि तो आकडा संगणकातील ‘पाऊस-जुलै’ या फाइलमध्ये लिहायचा. पंधरा तारखेला एका विद्यार्थ्याने घाईत ‘पाउस-जुलै’ असे नाव दिले. आपण हे शुद्धलेखनाची चूक म्हणून सोडून देऊ. संगणकाला मात्र ऱ्हस्व उ आणि दीर्घ ऊ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. त्याने नवी, कोरी फाइल उघडून दिली. आता एकाच महिन्याच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या गेल्या आणि जुलैची बेरीज चुकली!

अशी चूक टाळण्यासाठी संगणकाच्या प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच बदल करता येईल का? ईमॅक्स या मजकूर-संपादकात तो करता येतो. ईमॅक्सचा जन्म १९७६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली त्याची ‘ग्नू ईमॅक्स’ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. तिचा गाभा सी भाषेत असून बहुतेक आज्ञा लिस्प भाषेत लिहिल्या आहेत. वापरणाऱ्याला त्या वाचता येतात आणि स्वतःच्या नव्या आज्ञाही जोडता येतात.

प्रश्नामागची यंत्रणा

ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-एफ दाबले की पडद्याच्या तळाशी ‘फाइंड फाइल’ असा प्रश्न उमटतो. त्यापुढे चालू फोल्डरचे नाव असते. येथे दोन कामे वेगळी आहेत. फाइल उघडणे हे ‘फाइंड-फाइल’ या आज्ञेचे काम. नाव विचारून घेणे हे ‘रीड-फाइल-नेम’ या दुसऱ्याच फलनाचे काम. या फलनाला मुख्यतः तीन गोष्टी सांगाव्या लागतात: प्रश्नाचे शब्द कोणते, सुरुवात कोणत्या फोल्डरपासून, आणि नसलेल्या फाइलचे नाव चालेल की नाही.

आपली चूक या तिसऱ्या गोष्टीत दडली आहे. नेहमीच्या व्यवस्थेत, टॅब कळ दाबून नाव पुरे करून घेतले आणि तरीही तशी फाइल नसली, तरच ईमॅक्स खात्री करून घेतो. पूर्ण नाव हाताने टंकले, तर तो काही न विचारता कोरी फाइल उघडतो.

उपाय पहिला: तयार कळ फिरवा

आल्ट-एक्स दाबून ‘कस्टमाइझ-व्हेरिएबल’ ही आज्ञा द्या. मग ‘कन्फर्म-नॉनएक्झिस्टंट-फाइल-ऑर-बफर’ हे नाव लिहा. (ही नावे टंकताना रोमन लिपीत लिहावीत.) ‘ऑलवेज’ हा पर्याय निवडून तो जतन करा. यापुढे अस्तित्वात नसलेले नाव दिले, की ईमॅक्स थांबेल आणि दुसऱ्यांदा एंटर दाबल्याशिवाय पुढे जाणार नाही.

उपाय दुसरा: स्वतःची आज्ञा

लिस्पमध्ये चार-पाच ओळींची एक आज्ञा लिहा. तिने ‘रीड-फाइल-नेम’ला सांगायचे: प्रश्न ‘पावसाची कोणती नोंद उघडू?’ असा मराठीत विचार. सुरुवात पावसाच्या फोल्डरपासून कर. नसलेले नाव स्वीकारू नको. मिळालेले नाव ‘फाइंड-फाइल’च्या हाती द्यायचे. ही आज्ञा एफ-५ या कळेला जोडा. एफ-५ ते एफ-९ या कळा वापरणाऱ्यासाठी मोकळ्या ठेवण्याचा ईमॅक्समध्ये संकेतच आहे.

मग मूळ ‘रीड-फाइल-नेम’च का बदलू नये? कारण फाइलची प्रत काढणे, दुसऱ्या नावाने साठवणे, नाव बदलणे अशा कितीतरी आज्ञा तेच फलन वापरतात. तेथे ‘नसलेले नाव स्वीकारू नको’ असा नियम घातला, तर नव्या नावाने काहीच साठवता येणार नाही! विहिरीवरच्या पंपात बिघाड नसताना एका नळासाठी पंप खोलायचा नसतो. जेथे गरज आहे, त्याच्या अगदी जवळ बदल करावा.

करून पाहा

एक रिकामे फोल्डर घेऊन त्यात ‘पाऊस-जुलै’ ही फाइल तयार करा. मग ‘पाउस-जुलै’ हे नाव आधी नेहमीच्या व्यवस्थेत आणि नंतर पहिला उपाय योजून द्या. प्रत्येक वेळी पडद्याच्या तळाशी काय दिसते, ते वहीत लिहा. ऑगस्टच्या एक तारखेला मात्र नवी फाइल खरोखरच हवी असेल. त्या दिवशी दोन्हीपैकी कोणता उपाय अडेल आणि का, याचा विचार करा.