वजन जास्त असलेल्या रुग्णाची भूल: स्नायू सैल करणारी औषधं आणि त्यांचा उतारा

"डॉक्टर, वजन एकशे दहा आहे, भूल सोसेल ना? नंतर शुद्धीवर येईल ना?" ऑपरेशनआधीच्या तपासणीला आलेल्या कुटुंबांचा हा ठरलेला प्रश्न असतो. आजच्या भुलीच्या औषधांमध्ये शुद्धीवर येणं ही सहसा अडचण नसते, वजन जास्त असलं तरी. आम्हा भूलतज्ज्ञांना काळजी असते ती वेगळ्या अवस्थेची: रुग्णानं डोळे उघडले, मान डोलावली, पण घशाचे आणि श्वासाचे स्नायू अजून पूर्ण ताकदीनं काम करत नाहीत. सडपातळ माणूस अशी थोडी कमजोरी निभावून नेतो. वजन जास्त असलेल्या माणसाला ती महागात पडू शकते. म्हणून त्याच्यासाठी स्नायू सैल करणारं औषध कोणतं, किती, आणि शेवटी त्याचा परिणाम कसा उतरवायचा हा निर्णय जास्त विचारानं घ्यावा लागतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करणार असतील, तर या लेखातलं बहुतेक तुम्हाला लागू होत नाही. इथे बोलतो आहोत ते पूर्ण भुलीबद्दल, म्हणजे पित्ताशय, हर्निया, गर्भाशय किंवा वजन कमी करण्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसारख्या ठिकाणी लागते तिच्याबद्दल.

स्नायू सैल का करावे लागतात?

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नसतं. झोपेचं वेगळं, वेदना थांबवणारं वेगळं आणि स्नायू सैल करणारं वेगळं. या तिसऱ्यामुळे श्वासनलिकेत नळी घालताना स्वरयंत्र उघडं राहतं, आणि दुर्बिणीनं काम करताना पोटाच्या भिंती सैल राहून सर्जनना जागा मिळते. या औषधांचा पूर्वज म्हणजे क्युरारे, दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावत ते विष. १९४२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी ते पहिल्यांदा भुलीच्या वेळी जाणीवपूर्वक वापरलं. आज वापरात असलेली रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, अट्राक्युरियम ही त्याच पद्धतीनं काम करणारी, पण खूप सुधारलेली औषधं आहेत.

मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. ही औषधं त्या रसायनाच्या जागेवर जाऊन बसतात, त्यामुळे हुकूम पोचतच नाही. सगळ्याच स्नायूंना हुकूम पोचत नाही, छातीच्या पडद्यालाही नाही. म्हणून तेवढा वेळ श्वास आम्ही यंत्रानं देतो.

वजनाचा संबंध कुठे येतो?

पहिला संबंध फुप्फुसांशी. झोपल्यावर पोटाचा आणि छातीवरचा भार फुप्फुसांवर येतो आणि त्यांच्यात उरणारी हवा कमी होते. ही हवा म्हणजे ऑक्सिजनचा साठा. भूल देण्याआधी मास्कनं नीट ऑक्सिजन दिला, तर निरोगी सडपातळ माणूस श्वास थांबल्यावर सहा-आठ मिनिटं तग धरतो. अतिस्थूल माणसाच्या हातात जेमतेम अडीच-तीन मिनिटं असतात. म्हणूनच ओटीत तुमच्या रुग्णाचं डोकं आणि खांदे उंच केलेले असतात आणि "मास्कमधून खोल श्वास घ्या" असं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. त्यात घाई केलेली चालत नाही.

दुसरा संबंध घशाशी. मोठ्यानं घोरणाऱ्या, झोपेत मध्येच श्वास थांबणाऱ्या माणसाचा घसा झोपेत मिटतो. त्यात स्नायूंची थोडीशी जरी कमजोरी शिल्लक राहिली, तर नळी काढल्यावर तो आणखी सहज मिटतो.

तिसरा संबंध डोसाशी, आणि इथे हिशेब थोडा गमतीदार आहे. एक उदाहरण घेऊ. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो असलेली स्त्री. तिचा बीएमआय ४३ च्या आसपास येतो. उंचीनुसार तिचं आदर्श वजन सुमारे ५२ किलो. डोस कोणत्या वजनावर काढायचा? रोक्युरोनियम पाण्यात मिसळणारं औषध आहे, चरबीत फारसं शिरत नाही. त्यामुळे त्याचा डोस आदर्श वजनाच्या जवळपास धरतात. नेहमीच्या ०.६ मिलिग्रॅम प्रतिकिलो हिशेबानं तो ३१ मिलिग्रॅम होतो. तोच खऱ्या वजनावर काढला तर ६६ मिलिग्रॅम, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि मग परिणाम कितीतरी जास्त वेळ टिकून राहील. याउलट सक्सिनिलकोलिन हे अगदी झटपट काम करणारं औषध खऱ्या वजनावर देतात, कारण शरीरातलं पाणी आणि त्या औषधाचा नाश करणारं रक्तातलं एन्झाइम दोन्ही वजनाबरोबर वाढलेलं असतं. काट्यावरचा आकडा एकच, पण प्रत्येक औषध तो वेगळा वाचतं.

उतारा: जुना आणि नवा

शस्त्रक्रिया संपली की शिल्लक परिणाम उतरवायचा असतो. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

निओस्टिग्मिन हे जुनं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं औषध. ते स्नायू सैल करणाऱ्या औषधाला हात लावत नाही. अ‍ॅसिटिलकोलिनचा नाश थांबवून त्याचं प्रमाण वाढवतं, म्हणजे हुकूम देणाऱ्यांची गर्दी वाढवून अडवणाऱ्याला बाजूला सारतं. या पद्धतीला मर्यादा आहे. एका टप्प्यापलीकडे डोस वाढवून उपयोग नाही, म्हणून एकूण ५ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, रुग्ण ७० किलोचा असो वा ११०. स्नायू अजून बरेच सैल असताना दिलं तर ते पुरं पडत नाही, आणि योग्य वेळी दिलं तरी दहा-पंधरा मिनिटं किंवा जास्त थांबावं लागतं. स्थूल रुग्णांमध्ये हा वेळ आणखी लांबतो. त्यानं नाडी मंदावते, लाळ वाढते. म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं.

सुगामाडेक्सची कल्पना अगदी निराळी. साखरेच्या रेणूंची ही एक पोकळ कडी आहे. रोक्युरोनियमचा रेणू तिच्या पोकळीत घट्ट अडकतो आणि दोघं मिळून लघवीवाटे बाहेर पडतात. स्नायू बरेच सैल असतानाही योग्य डोस दिला तर साधारण तीनेक मिनिटांत ताकद परत येते. युरोपात ते २००८ पासून मिळतं. अमेरिकेत मात्र अ‍ॅलर्जीच्या शंकेमुळे परवानगी २०१५ च्या डिसेंबरपर्यंत रखडली. ही अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण होते, आणि क्वचित नाडीही एकदम मंदावू शकते. शिवाय ते फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर चालतं. अट्राक्युरियम दिलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

त्याचा डोस खऱ्या वजनावर काढायचा असतो. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीला २ मिलिग्रॅम प्रतिकिलो हिशेबानं २२० मिलिग्रॅम लागेल, स्नायू फारच सैल असतील तर ४ प्रमाणे ४४०. कुपी येते २०० मिलिग्रॅमची. म्हणजे दोन किंवा तीन कुप्या. बिलात "इतकं महाग इंजेक्शन, तेही तीनदा?" असं दिसलं, तर त्यामागचं गणित हे आहे. कमी वजन धरून डोस देता येईल का, यावर अभ्यास झाले आहेत आणि काही उत्साहवर्धकही आहेत. पण डोस कमी पडल्यावर सुरुवातीला आलेली ताकद पुन्हा ओसरल्याची उदाहरणंही नोंदली गेली आहेत. स्थूल रुग्णात एका कुपीची बचत करण्यासाठी हा धोका पत्करावा असं मला वाटत नाही.

मग चांगलं कोणतं?

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियमनंतर स्नायू बऱ्यापैकी सैल असतील तर सुगामाडेक्स निवडायला सांगतात. परिणाम अगदी थोडा उरला असेल, तर निओस्टिग्मिनलाही त्यांची हरकत नाही. वजन जास्त आणि घोरण्याचा त्रास असलेल्या रुग्णात माझाही कल सुगामाडेक्सकडे आहे.

पण माझ्या मते औषधाच्या नावापेक्षा मोजमाप जास्त महत्त्वाचं. मनगटाजवळच्या मज्जातंतूला दोन सेकंदांत चार सूक्ष्म विजेचे झटके देऊन अंगठा किती हलतो ते एक छोटं यंत्र मोजतं. चौथी हालचाल पहिलीच्या ९० टक्के तरी झाली, तरच नळी काढावी. "पाच सेकंद डोकं उचलून धरा" ही जुनी परीक्षा पास होणाऱ्या रुग्णातही कमजोरी उरलेली असू शकते. मोजमाप असेल आणि वाट पाहायची तयारी असेल, तर निओस्टिग्मिननंही रुग्ण सुरक्षित उठतो. मोजमापाशिवाय दिलेलं महागडं औषध मात्र अंदाजच ठरतो. तपासणीच्या वेळी "अंगठ्यावरचं मॉनिटर लावणार का?" असं विचारायला संकोच करू नका. सगळीकडे ते उपलब्ध नसतं, पण प्रश्न रास्त आहे.

तुम्ही आम्हाला काय सांगाल?

खरं वजन सांगा. लाजून पाच-दहा किलो कमी सांगितलेलं आमच्या हिशेबात येतं. घोरण्याबद्दल रुग्णापेक्षा शेजारी झोपणाऱ्याची साक्ष जास्त विश्वासाची, म्हणून जोडीदारानं तपासणीला सोबत यावं. घरी सीपॅप मशीन असेल तर ते दवाखान्यात घेऊनच या. मूत्रपिंडाचा आजार नक्की सांगा. तो गंभीर असेल तर सुगामाडेक्स सहसा टाळतात आणि आधीपासूनच वेगळं औषध निवडता येतं. आधीच्या एखाद्या ऑपरेशनला तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यातल्या कोणाला नळी काढायला फार उशीर झाला असेल, तर तेही सांगा. काहींच्या शरीरात सक्सिनिलकोलिनचा नाश करणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. वजन कमी करण्याची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर ती लपवू नका. त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं.

ऑपरेशननंतर रुग्णाला पाठीशी उंच ठेवलेलं असतं, ते मुद्दाम. "आडवं करा, आराम पडेल" असा आग्रह धरू नका, आणि सिस्टर सांगेपर्यंत पाण्याचा घोटही देऊ नका. दोन-दोन दिसतंय, गिळता येत नाही, मान धरवत नाही असं रुग्ण म्हणाला, घशातून घरघर येऊ लागली किंवा घोरता घोरता श्वास थांबला, तर लगेच सिस्टरला हाक मारा. नुसतं "भुलीची गुंगी आहे" म्हणून सोडू नका.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांसाठी एक वेगळी सूचना. सुगामाडेक्स त्या गोळ्यांमधल्या हार्मोनलाही काही प्रमाणात बांधून ठेवतं. त्यामुळे ते दिलं असेल तर पुढचे ७ दिवस निरोधसारखं दुसरं साधनही वापरावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर या इंजेक्शनचा उल्लेख बरेचदा नसतो, तेव्हा घरी जाण्यापूर्वी ते दिलं होतं का हे विचारून घ्या.