सही करण्यापूर्वी

सारोळ्याचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. खाली नीरा वाहते. शिरवळच्या कारखान्यांत पाळीला जाणारी इकडची मुले रोज दोनदा ही हद्द ओलांडतात. त्यांना थांबवून कोणी कागद मागत नाही.

निवृत्तीनंतर मी या बाजूला एक छोटे घर बांधायला काढले. गिलाव्यासाठी ठेकेदाराने चार तरुण आणले. आपसांत बंगाली बोलत. गाव विचारले तर म्हणाले, मुर्शिदाबाद. हात असा, की ओळंबा लावून पाहावा आणि आपणच ओशाळावे. एका संध्याकाळी पोलीस पाटील कागद घेऊन आले.

"साहेब, वरून विचारणा आहे. ही पोरं बंगालची का पलीकडची, तेवढं लिहून द्या. तुम्ही बँकेतले, तुमच्या सहीला वजन आहे."

तीस वर्षे मी सह्याच केल्या. त्या दिवशी मात्र पेन उचलले नाही. म्हणालो, "उद्या बघू." पोरे परातीपाशी हात धूत होती. त्यांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी तिघेच कामावर आले. चौथा रात्रीच निघून गेला होता. त्याच्याकडे कागद नव्हते, की कागद असूनही भीती होती, हे मला आजही ठाऊक नाही.

बेकायदा येणाऱ्यांचा प्रश्न खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. खोटे दाखले निघतात, ते काढून देणारे दलालही असतात. देशाला हद्द असेल तर ती राखावीच लागते. अडचण आहे ती राखायची कोणी आणि कशी, याची. परकीय नागरिकांचा विषय घटनेने केंद्राकडे दिला, पोलीस मात्र राज्यांचे. म्हणून केंद्राने 1958 साली आपले काही अधिकार राज्यांकडे सोपवले. दिल्लीचा कायदा अखेर गल्लीतला हवालदार राबवतो. त्यातून 1946च्या कायद्याने 'मी परकीय नाही' हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच टाकला. 1 सप्टेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण हा भार आहे तिथेच राहिला.

घाई केली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जुलै 1998 मध्ये बांगलादेशी ठरवलेल्या काही जणांना मुंबई पोलीस रेल्वेने बंगालकडे नेत होते. हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. त्यांच्यात जरीकाम करणारे कारागीर होते. यांतले अनेक आमचेच नागरिक आहेत, असे बंगाल सरकारचे म्हणणे होते. दोन राज्ये एकाच देशात असून एकमेकांना विचारण्याआधीच गाडी सुटली होती. सत्तावीस वर्षांनी, जून 2025 मध्ये, महाराष्ट्रात पकडलेले बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. बंगालमधून त्यांची कागदपत्रे आल्यावर त्यांना परत आणावे लागले. ती कागदपत्रे आधी मागवता आली नसती का?

मी रुजू झालो तेव्हा खाते उघडायला परिचयकर्ता लागे. जुना खातेदार सही करून सांगे, 'मी यांना ओळखतो.' पुढे ओळख माणसाकडून कागदाकडे गेली. पण नुसता कागदही पुरत नाही. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणून कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. मग मी माझीच कागदपत्रे काढून बसलो. माझी जन्मतारीख 1 जून. ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावली. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती! आईच्या जन्माची नोंद तर कुठेच नाही. मला कोणी काही विचारत नाही, कारण मी मराठी बोलतो आणि माझे आडनाव ओळखीचे आहे. तो माझा पुरावा नव्हे, नशीब आहे.

बँकेत धनादेशावरची सही जुळली नाही, तर आम्ही खातेदाराला चोर म्हणत नसू. आधी खातरजमा करत असू. रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेली, तर उलटी नोंद करून ती परत आणता येते. चुकून देशाबाहेर घातलेल्या माणसासाठी अशी उलटी नोंद कोणत्या खातेवहीत करायची?

मी पोलीस पाटलांकडून तीन दिवस मागून घेतले. तिघांचे कागद पाहिले, त्यांच्या पंचायतीत दूरध्वनी केले, शाळेच्या दाखल्यांच्या प्रती मागवल्या. मोडकी हिंदी दोन्ही बाजूंना पुरली. तिसऱ्या दिवशी तिघांच्या नावांपुढे सही केली.

"चौथ्याचं काय लिहू, साहेब?" पाटलांनी विचारले.

मी म्हणालो, "मी त्याला विचारलंच नाही, असं लिहा."

पाटलांच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.