टाकीचे तोंड कुठे असते?

मित्रांनो, बैलाला जशी वैरण लागते, तसे मोटारीला पेट्रोल नाहीतर डिझेल लागते. ते टाकीत भरतात. टाकी आत असते, पण तिचे तोंड बाहेर असते व त्यावर झाकण असते. हे तोंड काही गाड्यांना डावीकडे असते, तर काहींना उजवीकडे. असे का, ते मी सांगते.

माझे काका जीप चालवतात. मी त्यांना विचारले, "काका, सगळ्या गाड्यांचं तोंड एकाच बाजूला का नाही करत?" ते म्हणाले, "पोरी, तसा कायदाच नाही. गाडी बनवणाऱ्याला जिथं जागा घावली, तिथं त्यानं तोंड ठेवलं."

गाडीच्या पोटात जागा फार थोडी असते. त्यात इंजिन, सायलेन्सरची नळी आणि टाकी सगळे बसवायचे असते. सायलेन्सरची नळी खूप तापते. भरताना पेट्रोल सांडून त्या नळीवर पडले, तर भडका उडेल. म्हणून पुष्कळदा नळी एका बाजूला व तोंड दुसऱ्या बाजूला ठेवतात.

टाकीची जागा चुकली तर अडचण होते. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार १९०८ साली निघाली. तिची टाकी पुढच्या सीटखाली होती. सीट उचलून पेट्रोल भरावे लागे. पेट्रोल आपोआप उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई. पण पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला की इंजिन वर आणि टाकी खाली होई. मग पेट्रोल पोचत नसे. तेव्हा लोक गाडी उलटी करून चढ चढत! मला हे ऐकून फार हसू आले.

आपल्या देशात २००९ साली नॅनो गाडी आली. ती आता बनत नाही. तिचे इंजिन मागे होते, आणि पेट्रोल पुढचे बॉनेट उघडून भरावे लागे. अमेरिकेतल्या काही जुन्या गाड्यांचे तोंड मागे नंबरपट्टीच्या आड असे. मागून धडक बसली तर पेट्रोल सांडून आग लागण्याचा धोका. म्हणून पुढे ते बाजूला आणले.

डावी बाजू बरी की उजवी? आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. वाटेत पेट्रोल संपले, तर डावीकडच्या तोंडात कडेला उभे राहून कॅनने भरता येते. मागून येणाऱ्या ट्रकची भीती नसते. तोंड उजवीकडे असले, तर ड्रायव्हरला ते जवळ पडते. दोन्हींचा फायदा आहे. शिवाय काही गाड्यांचे तोंड डावीकडे व काहींचे उजवीकडे असल्यामुळे पंपाच्या दोन्ही अंगांना रांगा लागतात. नाहीतर एकाच अंगाला झुंबड उडाली असती.

पण आपल्या गाडीचे तोंड कुठे आहे, ते माहीत पाहिजे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजींना रात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे होते. काकांची जीप बंद होती, म्हणून पाव्हण्यांची गाडी घेतली. पंपावर लावली तर तोंड पलीकडे! पाइप पोचेना. मागे ट्रक उभे. गाडी फिरवून लावेपर्यंत वेळ गेला, आणि आजी आत कण्हत होत्या. आता त्या बऱ्या आहेत.

यावर एक सोपी युक्ती आहे. पुष्कळ गाड्यांत पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचे चित्र असते. त्याच्या शेजारी छोटा बाण असतो. बाण ज्या बाजूला, त्या बाजूला तोंड. ही कल्पना फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांची. १९८६ साली पंपावर गाडी चुकीच्या बाजूला लागली आणि ते पावसात भिजले. तेव्हा त्यांनी कंपनीला लिहून कळवले.

पालकांनो, तुमच्या गाडीत हा बाण आहे का, ते आजच बघा. परक्याची गाडी घेताना तर आधी बघा. आणि पेट्रोल भरताना इंजिन बंद ठेवा, विडी पेटवू नका.

— इयत्ता ४ थी